नवोदयचा पेपर आणि घरातली धडधड

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, जावईबापू लेकीला दिवाळीनंतर इकडे संभाजीनगरला सिडकोत आणून शाळेत घालायचं म्हणतायत, नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेचे क्लास चांगले आहेत म्हणून. आधी ते थांबव. क्लासचं सोड, नियमाचं ऐक. नवोदयमध्ये निदान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असतात, आणि ग्रामीण कोण, तर ज्याने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं खेड्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण काढली तो. त्या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरातल्या शाळेच्या पटावर नाव चढलं, तरी लेकरू शहरी धरलं जातं. म्हणजे पिशोरजवळच्या आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून दाखला काढून तुम्ही तिला इथे आणली, की जी मोठी वाट तिच्यासाठी उघडी आहे तीच तुमच्या हाताने बंद. सुट्टीत माझ्याकडे आठ दिवस ठेवा, चार पेपर सोडवून घेते. दाखला मात्र जागचा हलवायचा नाही.

शाळेत शिकवत होते तेव्हापासून बघत आलेय. लेकरं पेपराला घाबरत नाहीत, अनोळखी गोष्टीला घाबरतात. दुसऱ्याच गावची शाळा, भला मोठा बाक, तोंडओळख नसलेले सर, आणि समोर ते गोलांचं उत्तरपत्रक. ‘शांत राहा हं’ असं शंभरदा सांगून कोणी शांत होत नाही. उलट काहीतरी भयंकर आहे हे त्याला कळतं. जे जे अनोळखी, ते ते आधीच ओळखीचं करून टाकायचं. माझ्याकडे दुसरा मंत्र नाही.

पेपर कसा असतो ते तिला पाठ असू दे. 80 प्रश्न, 100 गुण, सलग 2 तास, सकाळी साडेअकरा ते दीड. बुद्धिमत्तेचे 40 प्रश्न, 50 गुण, त्याला 60 मिनिटं. गणिताचे 20, भाषेचे 20, दोन्हीला 25-25 गुण आणि अर्धा अर्धा तास. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा गुण आणि दीड मिनिट. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. येत नसेल तर नक्की चुकीचे वाटणारे पर्याय आधी बाजूला सारायचे आणि उरलेल्यातला एक धरायचा. पण एखाद्याच विषयाच्या जोरावर भागत नाही, तिन्ही विभागांत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. तुझी पोर गणितात तरबेज आहे म्हणून उताऱ्यांकडे दुर्लक्ष नको.

आकृत्यांनी लेकरं दमतात. दहा प्रकार, प्रत्येकाचे चार प्रश्न: वेगळी आकृती ओळखा, तंतोतंत तशीच शोधा, अपुरी पूर्ण करा, मालिका, आरशातली प्रतिमा, लपलेली आकृती वगैरे. हे पुस्तकातून रट्टा मारून येत नाही, हाताने करावं लागतं. घडीच्या कागदाचंच बघ. वहीचा चौकोनी तुकडा घे, एकदा आडवी घडी, एकदा उभी, आणि मधोमध पेनाच्या टोकाने छिद्र पाडायला सांग. उघडायच्या आधी तिने दुसऱ्या कागदावर काढून दाखवायचं, छिद्रं किती आणि कुठे. मग उघडायचं. चार निघतात. आता छिद्र घडीच्या रेषेवरच पाडायला सांग, आणि संख्या का बदलली ते तिलाच सांगू दे. रोज असे पाचसहा कागद फाडले तरी चालतील. घरात पसारा होईल, होऊ दे. आरशातल्या प्रतिमेसाठी कपाटाच्या आरशासमोर पाटी धरायची, एवढं पुरे. उतारे चार असतात, प्रत्येकी पाच प्रश्न. त्यासाठी महागडी गाईडं कशाला? रोजच्या पेपरातली एक बातमी मोठ्याने वाचायला लाव आणि तिच्यावर तिलाच पाच प्रश्न काढायला सांग. प्रश्न काढणाऱ्याला उत्तर कुठे लपवतात ते कळतं.

हुशार लेकरं मात खातात ती उत्तरपत्रकावर. तेविसावा अवघड म्हणून सोडला, आणि चोविसाव्याचं उत्तर तेविसाव्याच्या ओळीत रंगवलं, की तिथून पुढची सगळी रांग घसरते. म्हणून झेरॉक्सवाल्याकडून कोऱ्या ओएमआर शीटच्या प्रती काढून आण, आणि सराव नेहमी त्यावरच. डाव्या हाताचं बोट ओळीच्या आकड्यावर, मनात आकडा म्हणायचा, मगच पेन टेकवायचा. प्रश्न सोडला तर प्रश्नपत्रिकेत त्याच्यासमोर खूण करायची आणि उत्तरपत्रकावरचं बोट एक ओळ खाली. निळा किंवा काळा बॉलपेन, पेन्सिल चालत नाही. एकदा रंगवलेला गोल बदलता येत नाही. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. आतापासूनच तिच्या हातून खोडरबर काढून घे. ‘एकदाच, पण विचार करून’ ही सवय लागायला महिने जातात. पेन नवा नको, महिनाभर वापरून हाताला बसलेले दोन ठेव.

फॉर्म भरताना माध्यम मराठीच टाकलंय ना, ते पुन्हा बघ. आणि तिला सांगून ठेव, प्रश्नपत्रिका हातात आली की पहिलं काम भाषा बघायची. दुसऱ्या भाषेची आली तर लगेच हात वर करायचा, लाजायचं नाही. आपली पोरं तिथेच गप्प बसतात. कागदपत्रांत जिल्ह्याचं नाव कुठे औरंगाबाद, कुठे छत्रपती संभाजीनगर असं दिसेल, त्याने गोंधळू नकोस. लेकीचं नाव आणि जन्मतारीख मात्र शाळेच्या नोंदीत, आधारवर आणि फॉर्मवर एकसारखी असू दे.

आता तुम्हा दोघांचं. ‘एकच संधी आहे’ हे वाक्य घरात उच्चारायचं नाही. सहावीची ही परीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही हे खरं, पण ते अकरा वर्षांच्या जीवाला ऐकवून मिळणार काय? वाटा आहेतच की. नवोदयलाच नववीत रिकाम्या जागांसाठी पुन्हा परीक्षा असते. साताऱ्याची सैनिक शाळा 1961 पासून आहे, तिथे सहावीला आणि नववीलाही प्रवेश होतो.  हे सगळं जावईबापूंना सांग, त्यांची धडधड जास्त आहे. बापाचा चेहरा लेकरू प्रश्नपत्रिकेआधी वाचतं.

आणि एक विचारलंस का तिला, राहायचंय का तिकडे? नवोदयची कन्नडची शाळा घरापासून जवळ असली तरी वसतिगृह ते वसतिगृहच. राहणं, जेवण, पुस्तकं फुकट, सगळं छान. पण रात्री आई नसते. नववीत काही मुलांना वर्षभरासाठी हिंदी भाषक राज्यातल्या नवोदयला पाठवतात, तेही आधीच माहीत असलेलं बरं. एखाद्या रविवारी तिघं कन्नडला जा, फाटकापासून शाळा दाखवा. जायचंय म्हणाली तर अभ्यासाचा अर्धा जोर तिचा तीच लावेल.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी केंद्राच्या गावीही चक्कर मार. एसटी किती वाजता, फाटक कुठलं, मुलींचं स्वच्छतागृह कुठे, बघून ठेव. आदल्या दिवशी नवीन काही सोडवायचं नाही. प्रवेशपत्र आणि त्यावर सांगितलेलं सगळं पिशवीत भरून दाराला अडकवायचं. सकाळी नऊच्या सुमाराला वरणभात नाहीतर भाकरी-दूध, रोजचंच. नवस, पेढा, देवदर्शन करायचं असेल तर तू एकटी भद्रा मारुतीला जाऊन ये. तिला रांगेत उभी करू नकोस. थंडीत बोटं आखडतात, म्हणून आत जाताना तळवे चोळायचे. मधेच काही सुचेनासं झालं तर पेन खाली, पाय जमिनीला टेकवून लांब श्वास सोडायचा, मनात पाचपर्यंत मोजत. असं तीनदा, आणि थेट पुढचा प्रश्न. हेही घरी सरावाच्या पेपरला मुद्दाम करून घे, नाहीतर ऐनवेळी आठवत नाही.

पेपर सुटल्यावर फाटकाशी उत्तरं जुळवणाऱ्यांचा घोळका असतो. तिथे थांबायचं नाही. भूक लागलेली असते, आधी खायला घाल. प्रवेशपत्र मात्र रद्दीत जाऊ देऊ नकोस, निकाल त्याच क्रमांकावर बघायचा असतो. आणि मुख्याध्यापकांकडून तिसरी ते पाचवी तिथेच शिकल्याचा दाखला, तहसीलमधून जातीचा दाखला, रहिवासी दाखला हे सगळं निकालाची वाट न बघता काढून ठेव. नाव लागलं की सगळे एकदम तहसीलला धावतात आणि सर्व्हर बंद असतो.