लांब्रुस्को: जेवताना उमगणारी वाइन

इटलीच्या एमिलिया-रोमान्यात, मोदेनाच्या आसपास, लाल वाइन थंडगार येते आणि ग्लासात ओतताच तिच्यावर फेस चढतो. ही लांब्रुस्को. तिने मला जे शिकवलं, ते असं:

१. लांब्रुस्को हे एकच द्राक्ष नाही, ते अख्खं कूळ आहे. त्यातलं सोर्बारा फिकट, गुलाबीकडे झुकणारं आणि चांगलंच आंबट. कास्तेल्वेत्रोच्या टेकड्यांवरचं ग्रास्पारोस्सा गर्द जांभळं, जिभेवर तुरटपणा ठेवून जाणारं. दोन्ही ग्लास शेजारी ठेवले, तर ही एका कुळातली आहेत हे सांगूनही खरं वाटत नाही.

२. सोर्बाराचा वेल एकट्याने फळत नाही. त्याच्या फुलांतले पराग वांझ असतात. म्हणून सेक्किया आणि पानारो या नद्यांमधल्या सपाट रानात त्याच्या जोडीला सालामिनो हे दुसरं लांब्रुस्को लावतात. तरीही घड विरळच राहतात, काही मणी बारीकच उरतात. उत्पन्नाचा हिशेब मांडला तर असा वेल कोण ठेवील? तिथल्या शेतकऱ्यांनी तो चवीसाठी जपला. द्राक्षशेतीतली ही माया मला फार मोठी वाटते.

३. फेस शोभेसाठी नाही. या मुलखाचं जेवण मोर्तादेल्ला सॉसेज, पार्मिज्यानो चीज आणि डुकराच्या मांसाचं, चांगलंच ओशट. न्योक्को फ्रित्तो हा तळलेला पदार्थ पुरीसारखा टम्म फुगतो. गरम असतानाच त्यावर हॅमचा पातळ काप ठेवतात. कापाची पांढरी कड बघता बघता पारदर्शक होते. तो घास खाऊन वर कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, लांब्रुस्कोचा घोट घेतला, की आंबटपणा आणि बुडबुडे मिळून तोंड स्वच्छ करतात आणि पुढचा घास पहिल्याइतकाच चवदार लागतो. नुसती प्यायल्यावर जो आंबटपणा टोचतो, तोच इथे उपयोगी पडतो.

४. जुनी रीत आणि नवं तंत्र एकमेकांचे वैरी नसतात. पूर्वी थंडीने आंबणं थांबायचं, वसंतात ऊब आली की बाटलीतली उरलेली साखर पुन्हा आंबायची आणि फेस तयार व्हायचा. फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी १८९५ साली हेच काम बंद टाकीत करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. टाकीतल्या वाइनला ताज्या फळाचा गंध असतो. बाटलीतली गाळामुळे गढूळ, काहीशी रांगडी. मला दोन्ही हव्याशा वाटतात.

५. लोकप्रियतेची किंमत मोजावी लागते. १९७० आणि ८०च्या दशकांत गोड लांब्रुस्को अमेरिकेत अफाट खपली आणि अनेकांच्या मनात तिची तीच ओळख पक्की झाली. गोड लांब्रुस्कोलाही तिच्या मुलखात जुनं स्थान आहेच. पण बाटलीवर ‘सेक्को’ लिहिलं असेल तर ती कोरडी, ‘आमाबिले’ किंवा ‘दोल्चे’ असेल तर गोड, एवढं बघून घेतलं की गैरसमज टळतो.

६. थोर वाइन जपूनच ठेवायला हवी, असं नाही. लांब्रुस्को बहुतेक वेळा ताजीच प्यायची असते. अल्कोहोल साधारण ११ टक्के, त्यामुळे दुपारच्या जेवणालाही ती जड होत नाही. स्वतःकडे लक्ष वेधून न घेता समोरच्या अन्नाची चव वाढवणं, हेही मोठं कसब आहे. ते ज्या वाइनला साधतं, तिला मी साधी म्हणणार नाही.