खाडीकाठी मुक्काम? आधी तिथी बघा

खाडीकाठी तंबूत राहायचं, मुलांना गरवायला शिकवायचं आणि मिळालेली मासळी चुलीवर भाजून खायची, असा बेत हल्ली बऱ्याच घरांत शिजतो. बेत झकास आहे. पण खाडीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि हे दोन चढ सारखे नसतात. ही एक गोष्ट ठाऊक नसली, तर काय होतं ते आम्ही अनुभवलं आहे.

पौष पौर्णिमेचा शनिवार होता. दापोलीकडच्या एका खाडीवर आम्ही दोन कुटुंबं मुलाबाळांसह मुक्कामाला होतो. कॅम्पवाल्याने तंबू काठावरच्या सपाट गवतावर ठोकलेले. दुपारच्या भरतीचं पाणी तंबूंच्या बरंच अलीकडे थांबलं, तेव्हा तो म्हणाला, "बघा, याच्यापुढे येत नाही." रात्री सगळे गाढ झोपेत असताना वहिनींना पाठीखालची सतरंजी ओली लागली. बॅटरी मारली तर मुलांच्या चपला तंबूच्या दाराशी तरंगत होत्या. मुलांना कडेवर घेऊन आम्ही मागच्या बांधावर चढलो. पाणी पोटरीच्या वर गेलं नाही, म्हणून निभावलं.

सकाळी वाडीतले एक आजोबा म्हणाले, "थंडीत रात्रीची भरती मोठी, पावसात दिवसाची. दुपारचं पाणी बघून रात्रीची जागा धरायची नसते." आपल्या किनाऱ्यावर हे अगदी खरं आहे. चंद्र आणि सूर्य वर्षभर विषुववृत्ताच्या नेमके वर नसतात, उत्तरेला-दक्षिणेला सरकत असतात. त्यामुळे एकाच दिवसाच्या दोन भरत्यांची उंची कमीजास्त होते. म्हणून मुंबईत पावसाळ्यातल्या उधाणाच्या बातम्या भर दुपारच्या असतात, तर हिवाळ्यातलं मोठं पाणी मध्यरात्री येऊन जातं.

भरतीची वेळ काढायला कोकणात जुना हिशोब आहे: पंधरवड्यातल्या तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या आसपास. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे. नक्की वेळ आणि उंची भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघावी. पौर्णिमा-अमावास्या आणि पुढचे दोन दिवस उधाणाचे. अष्टमी-नवमीला भांगाचं पाणी असतं, चढउतार कमी. लहान मुलं बरोबर असतील तर तेच दिवस धरावेत.

तंबूची जागा ठरवताना काठावर वाळका पाचोळा, थर्माकोलचे तुकडे, तुटक्या चपला यांची सगळ्यात वरची रेघ शोधा. पाणी तिथवर येऊन गेलेलं असतं. तंबू तिच्या वर हवा आणि तोही उंचीने वर. सपाट जागेत नुसतं लांब जाऊन भागत नाही. तिवरं उभी आहेत तिथे पाणी पोचतं, हे धरूनच चाला.

गरवायला पाणी चढतं असताना बसावं, मासे त्याच्याबरोबर आत येतात. ओहोटी लागली की मुलांना काठावर घ्या. खाडीच्या तोंडाशी पाणी जोरात समुद्राकडे ओढतं, तिथे पोहता येणाऱ्याचंही चालत नाही. उघड्या पडलेल्या चिखलात पाय रुततो आणि दगडांवरची कालवं तळवा कापतात, म्हणून जुने कॅनव्हासचे बूट घालावेत. वाशिष्ठीच्या खाडीत तर मगरी आहेत. मालदोलीला लोक त्या बघायला होडीने जातात. अशा ठिकाणी काठावर हातपाय धुवायलाही मुलांना एकटं सोडू नये.

आता शिंगाळ्याचं. पुतण्याच्या गरीला एक वीतभर शिंगाळा लागला आणि त्याने तो आनंदाने मुठीत धरला. या माशाच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन ताठ, दातेरी काटे असतात आणि ते विषारी असतात. काटा अंगठ्याच्या बुडाशी घुसला, पोरगं कळवळलं. अशा वेळी जखम चिरू नये, चोखू नये. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. उष्णतेने विषाचा जोर मोडतो. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याने आपल्या हाताने बघावं, नाहीतर भाजायचं. मग डॉक्टरांकडे जावं, कारण काट्याचा तुकडा आत राहू शकतो आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही लागू शकतं. पुढच्या वेळी शिंगाळा लागला, तर त्याला हात न लावता तंगूस कापून टाकावी.

तेव्हा बेत आखताना नुसता शनिवार-रविवार बघू नका, पंचांगातली तिथीही बघा. आणि तंबू ठोकण्याआधी वाडीत जाऊन कुणा जाणत्याला एवढंच विचारा: "रात्री पाणी कुठवर येतं?"