बेल कोणता, सीड कोणतं

अकोला

चि. बाळ,

अमरावतीच्या अभ्यासिकेत बसून तू सारख्या उच्चाराच्या इंग्रजी शब्दांची यादी पाठ करतोयस, असं ताईनं सांगितलं. ती यादी बाजूला ठेव. यादीत शेजारी शेजारी पाठ केलेले दोन शब्द परीक्षेत नेमके एकमेकांच्या जागी येतात.

'बेल' घे. आपल्याकडच्या जिनिंग-प्रेसिंगमधून १७० किलो रुईची गाठ बांधून निघते, तिचं स्पेलिंग बी-ए-एल-ई. कोर्टातला जामीन बी-ए-आय-एल. उच्चारात तसूभर फरक नाही. देवनागरीत तर दारावरची बेलही तशीच लिहितो. इंग्रजीत तिचा स्वर आखूड आहे, पण तो आपल्या लिपीत दिसत नाही. म्हणून इंग्रजी शब्द मराठी अक्षरांत लिहून घोकायची सवय आधी मोड.

तुला हे जड जाऊ नये. आपण वऱ्हाडी माणसं 'ण'चा 'न' करतो. दारात 'कोन' आलं आणि भूमितीतला 'कोन', यांत तुझा कधी घोटाळा झाला का? कापसाचा मण आणि माणसाचं मन आपल्या घरात एकाच उच्चारानं चालतात. बोलताना वाक्य निभावून नेतं. लिहिताना 'ण' ध्यानात ठेवावा लागतो. इंग्रजीतही तेवढंच करायचं आहे.

'सीड'ची जोडी मला फार मोलाची वाटते. एस-ई-ई-डी म्हणजे बी, कापसाच्या बाबतीत सरकी. सी-ई-डी-ई म्हणजे मुलूख कायमचा देऊन टाकणं. निजामानं १८०० साली बल्लारी-कडप्याकडचा मुलूख इंग्रजांना असा दिला, म्हणून ते 'सीडेड डिस्ट्रिक्ट्स'. आपला वऱ्हाड प्रांत १८५३च्या तहानं इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, पण मालकी निजामाचीच राहिली. म्हणून सरकारी कागदांवर आपण 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. पुढं १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा झाला, तेव्हाही मालकी सुटली नाही. एका शब्दाच्या निवडीवर आपल्या आजा-पणजांचा राजा कोण, हे ठरत होतं. इतकं कळल्यावर ते स्पेलिंग तू विसरशील असं मला वाटत नाही.

रोज दोनच जोड्या घे. प्रत्येक शब्दाचं वाक्य कर, तेही बाजार समिती, कोर्ट, शेत, एसटी अशा तुझ्या पाहण्यातल्या ठिकाणचं. रविवारी वाक्यं लिहून पाठव, शब्दांची यादी नको. मी तपासून देईन.

तुझा
मामा