चाक जड फिरतंय? पार्ट बदलण्याआधी दाब तपासा

गाडीचा ब्रेक पकडून राहू लागला की बहुतेकांचा पहिला संशय पॅडवर जातो आणि दुसरा कॅलिपरवर. दोन्ही बदलून होतात, बिल भरलं जातं, आणि थोड्याच दिवसांत तेच चाक पुन्हा तापू लागतं. हे टाळायचं असेल तर एक गोष्ट पक्की धरावी, असं मला कळकळीने वाटतं. डिस्क ब्रेक पकडण्याची कारणं मुळात दोनच जातींची असतात. एक तर पेडल सोडल्यावरही ऑइलचा दाब चाकापाशी अडकून राहतो, किंवा दाब उतरलेला असतो पण कॅलिपरमधलं काहीतरी जागचं हलत नाही. यातलं कोणतं हे ठरेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नये.

यावर पहिला आक्षेप असा की डिस्कला पॅड थोडे घासतातच, त्यात एवढं काय? घासतात हे खरं आहे. ड्रम ब्रेकमध्ये असतात तशा जोरदार स्प्रिंगा इथे पॅड मागे ओढायला नसतात. पिस्टनभोवतीची रबरी सील दाबाने किंचित वाकते आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला मागे घेते, तेही मिलिमीटरच्या एखाद्या अंशाने. त्यामुळे हलकी सरसर ऐकू येणं हा दोष नव्हे. दोष ओळखायचा तो डाव्या-उजव्या चाकांच्या तुलनेतून. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक कमीत कमी वापरत चक्कर मारावी, गाडी आपोआप मंदावू द्यावी, आणि उतरल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात धरून पाहावा. डिस्कला मात्र बोट लावू नये. एकाच चाकातून धग आणि जळका वास येत असेल, त्याच रिमवर काळी पूड जास्त असेल, गाडी त्या बाजूला ओढत असेल, तर शंका खरी आहे. ही तपासणी गाडी चालवून आल्यावरच करावी. अडकलेला दाब रात्रभरात हळूहळू उतरतो, म्हणून सकाळी गॅरेजमध्ये नेलेल्या गाडीचं चाक अनेकदा छान मोकळं फिरतं आणि ‘काही नाही’ असं उत्तर मिळतं.

आता मुख्य परीक्षा. सपाट जागा, मागच्या चाकांना ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, आणि गाडी जॅकवर नव्हे, तर स्टँडवर टेकवलेली. डिस्क निवली की चाक काढावं, सोबतच्या माणसाला ब्रेक जोरात दाबून सोडायला सांगावं आणि डिस्क हाताने फिरवून पाहावी. जड असेल तर कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीत सोडावं, डोळ्यांना चष्मा लावावा आणि निपल पाव फेरा सैल करावं. ऑइलची चिळकांडी उडून डिस्क तत्क्षणी मोकळी झाली तर कॅलिपर निर्दोष आहे. दाब वरच कुठेतरी अडतो आहे. पुष्कळदा गुन्हेगार असतो होज पाइप. बाहेरून धड दिसतो, पण आतलं रबर फुगलेलं असतं: पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, परत येताना अडतं. दोन्ही पुढची चाकं एकदम पकडत असतील तर मात्र मास्टर सिलिंडर किंवा पेडलच्या रॉडला मोकळीक नसणं, यांकडे पाहावं. निपल उघडूनही डिस्क जडच राहिली तर पिस्टन गंजला आहे किंवा कॅलिपर ज्यावर सरकतो त्या पिना धरल्या आहेत. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच झिजलेला दिसला तर हा निष्कर्ष आणखी पक्का होतो. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत पिनांचं रबरी बूट फाटलं की हे लवकर घडतं. पिना साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावावं. साधं ग्रीस रबर फुगवतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: ब्रेक म्हणजे जिवाशी गाठ, घरी हात लावूच नये. दुरुस्तीबाबत मी हे पूर्ण मान्य करतो. होज किंवा मास्टर सिलिंडर मेकॅनिककडूनच बदलून घ्यावा, आणि निपल उघडलं असेल तर पेडल पुन्हा दाबण्याआधी ते घट्ट करून, एअर काढून, पेडल टणक लागल्याशिवाय गाडी हलवू नये. पण निदान न करता थांबणंही तितकंच धोक्याचं आहे. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण हवेतला ओलावा शोषल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. पकडलेल्या ब्रेकने आंबेनळी घाट उतरताना ऑइल उकळून वाफ झाली, तर पेडल थेट तळाला जातं.

म्हणून मेकॅनिककडे जाताना ‘ब्रेक जाम आहे’ एवढंच सांगू नका. ‘निपल उघडल्यावर चाक मोकळं होतं’ किंवा ‘होत नाही’ हे सांगा. या एका वाक्याने तो योग्य जागी हात घालेल आणि तुमचा खर्चही खऱ्या दोषावरच होईल.