समाजकार्यकर्त्यांचे निरंतर शिक्षण : वसमत तालुक्याच्या संदर्भात

1 मे 1999 रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला आणि वसमत तालुका नव्या जिल्ह्यात समाविष्ट झाला. त्याच वर्षी समाजकार्याची पदवी घेऊन या तालुक्यात कामास लागलेल्या एखाद्या कार्यकर्त्याचे उदाहरण विचारात घेता येईल. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा 2005 चा कायदा, 2006 चा बालविवाह प्रतिबंध कायदा, बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा 2012 चा पोक्सो कायदा, 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आणि 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा यांपैकी एकही त्याच्या अभ्यासक्रमात असणे शक्य नव्हते. 1 जुलै 2024 पासून तर भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. पदवी तीच राहिली. काम मात्र बदलत गेले.

जुन्या माहितीची किंमत

कार्यकर्त्याची माहिती जुनी असेल तर तिची किंमत त्याला नव्हे, तर त्याच्याकडे आलेल्या माणसाला मोजावी लागते. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. 2016 च्या कायद्याने ते 21 केले आणि थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल या रक्तविकारांचा त्यांत समावेश झाला. जुनी यादी डोक्यात असलेला कार्यकर्ता थॅलेसेमियाग्रस्त मुलाच्या पित्यास ‘आपले नाव यात बसत नाही’ असे सांगून परत पाठवील. रोजगार बुडवून आलेला तो पिता बहुधा पुन्हा येणार नाही.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. बालकावरील अत्याचाराची बाब गावातल्या गावात मिटविणे, हे एके काळी समंजसपणाचे लक्षण मानले जाई. पोक्सो कायद्यानुसार अशी बाब समजताच ती पोलिसांना कळविणे प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक असून, न कळविणे हा शिक्षापात्र अपराध आहे. सद्भावनेने तडजोड घडविणारा कार्यकर्ता बालकाचे अहित करतो आणि स्वतःही कायद्याच्या कचाट्यात सापडतो.

महाराष्ट्राचा अनुभव

समाजकार्याच्या व्यावसायिक शिक्षणाचा भारतातील प्रारंभ 1936 मध्ये मुंबईत, पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्ध झालेल्या संस्थेत झाला. 1963 मध्ये पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था स्थापन झाली. परंतु निरंतर शिक्षणाचा सर्वांत बोलका धडा महाविद्यालयाबाहेर मिळाला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी निवडलेल्या ग्राम आरोग्यसेविकांपैकी अनेकींना अक्षरओळखही नव्हती. एकदाच दीर्घ प्रशिक्षण देऊन त्यांना गावी धाडण्यात आले नाही. त्या नियमितपणे जामखेडला येत, आपल्या गावातील अडचण सर्वांसमोर मांडीत, त्यावर शिकत, परस्परांना शिकवीत आणि परत जाऊन ते अमलात आणीत. शिकणे, करणे आणि पुन्हा शिकण्यास येणे, असा हा क्रम होता. 1979 मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

परदेशात हे तत्त्व नियमबद्ध झालेले दिसते. इंग्लंडमध्ये नोंदणीकृत समाजकार्यकर्त्यास आपल्या वर्षभरातील शिक्षणाची नोंद नियामक संस्थेकडे करावी लागते आणि त्यातील काही भागाची सहकाऱ्याशी चर्चा केलेली असावी लागते. किती तास हजेरी लावली यापेक्षा शिकण्याने कामात कोणता फरक पडला, हा तेथील प्रश्न आहे.

वसमतमध्ये काय करता येईल?

शिक्षणाचे वेळापत्रक तालुक्याच्या जीवनक्रमाशी जुळले पाहिजे. वसमत ही हळदीची बाजारपेठ आहे, तसेच ऊसपट्ट्याचाही भाग आहे. मराठवाड्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गाव सोडतात, तेव्हा मुलांची शाळा सुटण्याचा आणि मुलींचे विवाह घाईने उरकले जाण्याचा धोका वाढतो. म्हणून बालविवाह प्रतिबंध व मुलांच्या शिक्षणासंबंधीचे वर्ग गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वीच घ्यावेत. स्थलांतरानंतर घेतलेला वर्ग निरुपयोगी ठरतो. 21 मार्च आणि 10 जुलै 2024 रोजी हिंगोली परिसरास 4.5 तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले. भयभीत कुटुंबांना धीर कसा द्यावा व अफवा कशा आवराव्यात, हाही येथील अभ्यासाचा विषय होय.

यासाठी स्वतंत्र इमारतीची आवश्यकता नाही. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या व स्वयंसेवी कार्यकर्ते यांच्या मासिक बैठका बहुतांशी अहवाल गोळा करण्यात खर्च होतात. त्यांपैकी एक तास राखून ठेवून त्या महिन्यातील एका प्रत्यक्ष प्रकरणाची चर्चा करता येईल. संबंधित व्यक्तीचे नाव व गाव गुप्त ठेवावे. काय घडले, कोणता नियम लागू होता, कोणाकडे जावयास हवे होते आणि आपल्याकडून काय राहिले, हे चार प्रश्न पुरेसे आहेत. चूक कबूल करणाऱ्यास ठपका देण्यात येऊ नये. अन्यथा पुढील बैठकीस कोणी तोंड उघडणार नाही. तालुका विधी सेवा समिती, ग्रामीण रुग्णालय व पोलीस ठाणे यांच्यातील जाणकारांना आळीपाळीने पाचारण करता येईल.

पंचायत सदस्यांचे सहकार्य येथे मोलाचे ठरते. प्रशिक्षणास गेलेली कार्यकर्ती कामावर गैरहजर नसते, तर ती गावाच्याच कामासाठी गेलेली असते, ही जाणीव त्यांनी ग्रामस्थांमध्ये रुजवावी. ती परतल्यावर ग्रामसभेत तिला दहा मिनिटे बोलावयास द्यावीत. नव्या हक्काची वार्ता ज्याच्यासाठी तो हक्क आहे त्याच्या दारापर्यंत पोहोचली, तरच कार्यकर्त्याचे शिक्षण सार्थकी लागले असे म्हणता येईल.