मेतकूट, पेज आणि ताकातल्या कण्या

१. तापात काय खाल्लं ते मला आठवत नाही. आठवतो तो ताप उतरल्यानंतरचा पहिला घास. तोंड कडू असायचं, पाणीसुद्धा नकोसं वाटायचं. मग एका सकाळी घामाने उशी ओली झालेली असायची आणि स्वयंपाकघरातला फोडणीचा वास एकदम हवासा वाटायचा. आई कपाळाला हात लावून म्हणायची, "उतरलाय गं. भूक लागली का?" आजारपणातल्या खाण्यावर आपला एवढा जीव का, याचं उत्तर मला इथे सापडतं. त्या साध्या ताटात गेलेली चव परत येते. पंचपक्वान्नांना हे भाग्य नाही.

२. मऊ भात साधा असतो, सोपा नसतो. रत्नागिरीच्या आमच्या घरी त्यासाठी जुना तांदूळ वेगळा ठेवलेला असे. भरपूर पाणी, मंद आच, आणि पळीने घोटणं. शीत मोडायला हवं, पण भाताची खळ होता कामा नये. मेतकूटही घरचंच. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ आणि मूठभर गहू वेगवेगळे खमंग भाजायचे. त्यात धने, जिरं, मोहरी, मेथी, सुंठ, हळद, हिंग. गरम भातावर तूप आणि मेतकूट पडलं की आधी हिंगाचा आणि मागून मेथीचा वास यायचा. मग आजी लिंबाच्या लोणच्याची बरणी काढायची आणि लाकडी चमचा पार तळाशी घालून एक काळपट, मऊ झालेली फोड वर आणायची. ती जुनी फोड एरवी कुणालाच मिळत नसे. जिभेवर ठेवली की कानामागे झिणझिण्या यायच्या.

३. लग्न होऊन कुडाळला आले तेव्हा सासूबाईंनी सकाळी उकड्या तांदळाच्या पेजेचा वाडगा पुढे ठेवला. मनात आलं, घरात कुणाला बरं नाही की काय! पण सगळे तीच पीत होते, सोबत कैरीचं लोणचं नाहीतर भाजलेला सुका बांगडा, आणि मग शेतावर निघत होते. मी जे दुबळेपणाचं अन्न समजत आले होते, त्यावर माणसं दुपारपर्यंत चिखलात उभी राहून लावणी करत होती. त्या दिवसापासून पेजेकडे मी वेगळ्या आदराने पाहते.

४. पोट बिघडलं की आजी पेजेतलं वरचं पाणी मीठ घालून घोट घोट पाजायची. त्यामागचं शास्त्र मला फार उशिरा कळलं. पेजेतल्या पिठूळपणापासून पोटात ग्लुकोज तयार होतं, ते मिठातलं सोडियम आतड्यातून रक्तात नेतं आणि पाणी त्यामागोमाग जातं. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली आणि सलाईन अपुरं पडलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी ग्लुकोज आणि क्षार घातलेलं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला लावलं. ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. औषध पाजणारे हात घरच्यांचे होते, हे मला त्या हकिगतीत सगळ्यांत मोठं वाटतं.

५. चहात बुडवलेलं ग्लुकोजचं बिस्किट. याबद्दल काही सांगायला हवं असं मला वाटत नाही.

६. आई आजारी पडली की काय खाते, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. गेल्या पावसाळ्यात तिला ताप आला. मी मेतकूट-भात कालवून दिला. तिने दोन घास घेतले आणि ताट बाजूला सारलं. "हे तुमच्या घरचं," ती म्हणाली. "माझी आई ताकातल्या कण्या द्यायची." तिचं माहेर सोलापूरकडचं. आयुष्यभर ती आम्हाला सासरचं पथ्याचं जेवण रांधून घालत आली आणि स्वतःला काय हवं ते कधी बोलली नाही. मग तिनेच पलंगावरून सांगितलं. ज्वारीच्या कण्या पाण्यात मऊ शिजवायच्या, कोमट झाल्या की ताक घालायचं, कढत असताना नाही, नाहीतर ताक फाटतं. मीठ, आणि वर जिरं-लसणाची फोडणी. तिने वाटी निपटून खाल्ली.

तुमच्याही घरात कुणीतरी अशी वाटी कधी मागितलेली नसेल. आज विचारा, आणि प्रमाणासकट लिहून घ्या.