एक हिशेब, दोन फोन: नोटच्या दोन प्रती झाल्या तर काय करायचं?



बऱ्याच बोटींचा फेरीचा हिशेब आता वहीतून फोनवर आलाय. एकच नोट तांडेलाकडे, मालकाकडे आणि घरी वहिनींकडे उघडते. सोय मोठी आहे. पण बोट जेटीला लागते, रेंज येते, आणि तीच नोट दोनदा दिसायला लागते. नाहीतर "कॉन्फ्लिक्ट" असा शब्द येतो. घाईत कुणीतरी एक प्रत डिलीट करतो आणि वाटे करायच्या वेळी वाद सुरू होतो. "मी डिझेल लिहिलं होतं!" "इथं तर काहीच नाही!" दोघंही खरं बोलत असतात.

हा घोळ कसा होतो आणि कसा सोडवायचा, ते आज बघू.

घोळ का होतो?

नोट एक दिसते, पण प्रत्येक फोनमध्ये तिची वेगळी प्रत असते. रेंज असेपर्यंत ॲप या प्रती जुळवत राहतं. यालाच सिंक म्हणतात. बोट किनाऱ्यापासून लांब गेली की रेंज जाते आणि जुळवणं थांबतं. तांडेल आपल्या प्रतीत लिहितो, घरी वहिनी त्यांच्या प्रतीत लिहितात. रेंज आल्यावर ॲपला दोन बदललेल्या प्रती मिळतात. खरी कुठली, हे त्याला कळत नाही.

मग ॲप काय करतं?

सगळी ॲप सारखी वागत नाहीत. आपलं ॲप यातलं कुठलं, ते माहीत पाहिजे.

१) दोन्ही प्रती ठेवणारी. वननोट पानावर इशारा दाखवतं आणि न जुळलेला भाग दाखवतं. ड्रॉपबॉक्समध्ये दुसरी फाईल तयार होते, तिच्या नावात "कॉन्फ्लिक्टेड कॉपी" असं असतं. जॉप्लिन न जुळलेली नोट "कॉन्फ्लिक्ट्स" नावाच्या वेगळ्या वहीत टाकतं. पण ही वही ज्या फोनवर घोळ झाला त्याच फोनवर राहते, दुसऱ्यांना दिसत नाही. म्हणून घरी दिसली नाही तर तांडेलाच्या फोनवर बघा.

२) मजकूर एकत्र करणारी. ऑब्सिडियनची सिंक सेवा दोन्हीकडचं लिखाण मिसळायचा प्रयत्न करते. वेगवेगळ्या ओळी असतील तर बहुतेक वेळा काम होतं. एकाच ओळीतले आकडे दोघांनी बदलले असतील तर मात्र ती ओळ डोळ्यांनी तपासायलाच हवी.

३) शेवटचा बदल ठेवणारी. आधीचा बदल गुपचूप पुसला जातो, काही सांगत नाही. हा प्रकार सगळ्यात धोक्याचा. अशा वेळी जुनी आवृत्ती शोधायची. गूगल डॉक्स आणि शीट्समध्ये "व्हर्जन हिस्टरी" आहे, तिथं आधीचं लिखाण मिळतं.

उदाहरण घेऊन बघू (आकडे समजण्यापुरते)

बोट सुटताना नोट अशी होती:

डिझेल – २७,०००
बर्फ – ४,०००
रेशन – ३,०००
एकूण – ३४,०००

वाटेत दुसऱ्या जेटीवर तांडेलाने स्वतःच्या खिशातून ४,५०० चं डिझेल भरलं. त्याने ओळ लिहिली आणि एकूण केलं ३८,५००.

इकडे घरी दुकानदाराचं बिल आलं, रेशन ३,६०० निघालं. वहिनींनी आकडा सुधारला. जाळ्याच्या दुरुस्तीचे २,५०० लिहिले. त्यांचं एकूण झालं ३७,१००.

आता दोन प्रती आल्या. वहिनींची ठेवली तर तांडेलाच्या खिशातले ४,५०० गेले. तांडेलाची ठेवली तर घरून दिलेले ३,१०० गेले. म्हणजे कुठलीही एक प्रत निवडली तरी कुणाचे तरी कष्टाचे पैसे बुडतात. शिवाय खर्च आधी वजा करून मग वाटे पाडतात, त्यामुळे सगळ्या खलाशांचा वाटाही चुकतो.

म्हणून "कुठली प्रत खरी?" हा प्रश्नच विचारू नका. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्ही अर्धवट आहेत.

सोडवायची पद्धत

१) आधी हात थांबवा. कुणीही डिलीट करू नका. ॲप काढून टाकू नका, "क्लिअर डेटा" करू नका, लॉगआऊटही नको. जे अजून सिंक झालं नाही ते यामुळे कायमचं जाऊ शकतं.

२) दोन्ही प्रतींचे स्क्रीनशॉट काढून बोटीच्या ग्रुपवर टाका.

३) एकानेच जुळवायला बसा. बाकीच्यांनी तोपर्यंत नोट उघडून लिहायचं नाही.

४) नवीन नोट घ्या. दोन्हीकडे सारख्या असलेल्या ओळी एकदाच लिहा. मग फक्त तांडेलाकडे असलेल्या ओळी, मग फक्त घरी असलेल्या ओळी.

५) जुनं "एकूण" कुठलंच घेऊ नका. नव्याने बेरीज करा. आपल्या उदाहरणात २७,००० + ४,००० + ३,६०० + ४,५०० + २,५०० = ४१,६००.

६) ताळा करा. दोन्ही प्रतींची एकूण रक्कम मिळवा आणि सुटतानाची रक्कम एकदा वजा करा. ३८,५०० + ३७,१०० = ७५,६००. त्यातून ३४,००० गेले, राहिले ४१,६००. जुळलं! दोघांनी एकच ओळ बदलली असेल तर मात्र हा ताळा लागू पडत नाही.

७) सगळ्यांनी बघून "बरोबर" म्हटल्यावरच जुन्या प्रती बाजूला करा. वाटे होईपर्यंत त्या पुसू नका.

एकाच ओळीत दोन आकडे आले तर?

समजा एकीकडे "बांगडा १८ क्रेट" आणि दुसरीकडे "बांगडा २० क्रेट". इथं मधला १९ धरायचा नाही. नंतर लिहिलेला म्हणून २० सुद्धा धरायचा नाही. विक्रीची पावती काढा. डिझेल असेल तर पंपाचं बिल काढा. फोन काय सांगतो यापेक्षा कागद काय सांगतो ते मोठं. कागद नसेल तर जो तिथं हजर होता त्याला विचारा आणि "अमक्याच्या सांगण्यावरून" असं ओळीतच लिहून ठेवा.

पुन्हा होऊ नये म्हणून

• जुना आकडा खोडू नका, खाली नवी ओळ लिहा. रेशन ३,००० च राहू दे, खाली "रेशन वाढीव ६००" लिहा.

• प्रत्येक ओळीत तारीख आणि नाव पाहिजे. "१२ तारीख, तांडेल, डिझेल ५० लिटर, ४,५००, स्वतःच्या खिशातून."

• समुद्रात लिहायची नोट वेगळी आणि घरी लिहायची वेगळी ठेवा. एका नोटमध्ये एकच हात. बोट लागल्यावर दोन्ही मिळवून तिसरी करा.

• "एकूण" फक्त शेवटी आणि एकानेच करायचं.

• सगळ्या फोनवर तारीख-वेळ ऑटोमॅटिक ठेवा. काही ॲप बदलाची वेळ बघून नवं-जुनं ठरवतात. फोनचं घड्याळ चुकलं तर निवडही चुकते.

• जेटी सोडण्याआधी नोट एकदा उघडून सिंक झाली का बघा. परत आल्यावरही आधी सिंक होऊ द्या, मग लिहा.

हे सगळं जड वाटत असेल तर साधा उपाय आहे. बोटीचा व्हॉट्सॲप ग्रुप करा आणि प्रत्येक खर्च एक मेसेज म्हणून टाका. रेंज नसेल तर मेसेज फोनमध्ये थांबतो, रेंज आल्यावर जातो. तिथं कुणी कुणाचा मेसेज बदलत नाही, प्रत्येकजण फक्त भर घालतो. म्हणून असा घोळच होत नाही. वहीत नंतर बसून उतरवायचं.

घरी करून बघा

दोन फोनवर "चाचणी" नावाची एकच नोट उघडा. दोन्ही फोन एअरप्लेन मोडवर टाका. एकीकडे "बर्फ ५००" लिहा, दुसरीकडे त्याच ओळीत "बर्फ ७००". आता दोन्ही चालू करून बघा. दोन प्रती येतात, ओळी मिसळतात, की एक आकडा गुपचूप जातो? पाच मिनिटांत आपल्या ॲपचा स्वभाव कळेल. खऱ्या हिशेबावर मात्र हा प्रयोग करू नका. १ जून ते ३१ जुलै बंदीच्या दिवसांत जाळी विणताना हेही उरकून घ्या. नव्या हंगामाची पहिली फेरी सुटण्याआधी तांडेल, मालक आणि घरची माणसं एकत्र बसून कोण कुठं लिहिणार ते ठरवा.

पोस्ट सेव्ह करा आणि आपल्या बोटीच्या ग्रुपवर पाठवा. चाचणीत तुमच्या ॲपने काय केलं ते खाली ॲपच्या नावासकट लिहा, इतर बोटवाल्यांना उपयोग होईल.